सहाव्या घराचं पाणी

१

आमच्या आळीत पाणी सकाळी सहाला येतं आणि पाऊण तासात जातं. कुणी घड्याळ बघत नाही. चावडीजवळचा व्हॉल्व गोरख फिरवतो, पहिल्या घराच्या नळातून फुस्सकन हवा येते आणि तिथली बाई दुसऱ्या घराच्या दिशेनं ओरडते, "पाणी आलंऽऽ." दुसरं घर तिसऱ्याला ओरडतं, तिसरं चौथ्याला. हा निरोप पाण्याच्या दोन पावलं पुढं चालत सातव्या घरापर्यंत येतो. सातवं घर माझं. माझ्यापुढं आळी संपून कांद्याचं वावर सुरू होतं, त्यामुळं मला कुणाला ओरडायला लागत नाही. मी नुसतं "आलंऽऽ" म्हणायचं. ज्याला निरोप दिला त्यानं उत्तर द्यायचंच, हा आळीचा कायदा. तापानं फणफणलेला माणूसही अंथरुणातून "आलं" म्हणतो.

माझं नाव तुळशीदास. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं लाइनमन होतो. आळेफाट्यापासून घाटघरच्या डोंगरापर्यंत किती खांब चढलो त्याचा हिशेब नाही. त्यातल्या एकावरून पडून उजवा गुडघा कामातून गेला. बायको फुलाबाई जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा बुद्धभूषण चिंचवडला कंपनीत आहे. पिंपरी पेंढारच्या या घरात मी, एक फोन आणि भिंतीवरच्या दोन तसबिरी, बाबासाहेबांची आणि बुद्धाची. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आमच्या आईनं बावीस प्रतिज्ञा चुलीपुढं बसून पाठ केल्या होत्या आणि आमच्याकडूनही करून घेतल्या होत्या. हे आधीच सांगून ठेवतो.

आणखी एक सांगतो, कारण ते खरं आहे. दिवसभरात मला उद्देशून कुणी बोललेलं असं ते "पाणी आलं" एवढंच असायचं. म्हणून मी साडेपाचलाच उठून दारात बसायचो. पाणी भरता भरता काळं दंतमंजन लावायचं आणि चूळ पायरीखाली टाकायची, ही माझी सवय. फुलाबाई त्यावरून जन्मभर कुरकुरली. आता कुरकुरायलाही कुणी नाही.

दोन हजार चारच्या दसऱ्याला अजून महिनाभर होता. माझ्या नळाला करंगळीएवढी धार यायला लागली, मग दोऱ्याएवढी, मग नुसती हवा. आणि माझ्या अलीकडच्या, सहाव्या घरासमोर रस्त्यात ओल दिसू लागली.

सहावं घर गोजरवहिनींचं. त्याला दोन वर्षं कुलूप होतं.

२

गळती म्हटली की ती कुणाची, हे आधी ठरतं आणि दुरुस्ती नंतर. आमच्याकडं पहिलंच ठरेना.

ग्रामसेवक म्हणाले, मेन लाइन पंचायतीची, तिथून घरापर्यंतचा नळ घरमालकाचा. ओल घराच्या दारात आहे, सबब मालकानं बघावं. मालक म्हणजे गोजरवहिनींचा मुलगा सयाजी. तो भोसरीला, वहिनीही त्याच्याकडंच. त्याला फोन लावला तर म्हणाला, "काका, रस्ता पंचायतीचा, खड्डा पंचायतीचा, मग पाणी माझं कसं? आणि मी घर बंद करून आलोय, नळ तरी चालू हाये का?" आळीतल्या लोकांना विचारलं, तर त्यांच्या नळाला पाणी धो धो येत होतं. ज्याच्या नळाला येत नाही त्याची गळती, असा त्यांचा सरळ न्याय होता.

थोडक्यात, गळती माझी. फक्त ती माझ्या दारात नव्हती.

मी वेशीजवळच्या हापशावरून पाणी आणू लागलो. एक कळशी, दोन ठिकाणी बसून. तिसऱ्या आठवड्यात गुडघा कलिंगडासारखा सुजला. बुद्धभूषणनं फोनवर सांगून टाकलं, "बाबा, दिवाळीपर्यंत वाट बघा. नळाला पाणी नाही आलं तर घराला कुलूप लावायचं आणि इकडं यायचं. मी काय रोज कळशी उचलायला येणाराय का?"

त्याचं चुकत नव्हतं. पण आळीतल्या त्या बंद घराकडं मी दोन वर्षं शेजारी बसून बघत होतो. कुलूप लागलं की महिन्याभरात दारापुढची पायवाट पुसली जाते. माझं घर तसं व्हायला मला नको होतं. इथं मरायची तयारी होती, पण इथून जायची नव्हती.

३

शेवटी गोरखच पाघळला. पाणी सोडायचं काम तोच करतो, बाकी वेळ शेती. एका सकाळी व्हॉल्व उघडून तो पहार घेऊन आला. गळती शोधायची त्याची रीत जुनी आहे. पहारीचं एक टोक जमिनीत रोवायचं आणि दुसऱ्याला कान लावायचा. खाली पाणी सुटत असलं तर पहारीतून सूंऽ ऐकू येतं.

त्यानं गोजरवहिनींच्या दारापुढं पहार रोवली, कान लावला. बराच वेळ वाकून राहिला. मग म्हणाला, "तुळशीभाऊ, जरा तुमी ऐका."

मी कान लावला. आयुष्यभर तारेतला बिघाड कानानं शोधलेला माणूस मी. आधी खोल, जाड आवाज आला. मग तो हळूहळू बारीक होत वर चढला, आणखी वर चढला आणि थांबला. थोडी शांतता. पुन्हा तोच जाड आवाज तळापासून.

हंडा भरताना जो आवाज होतो तो. एक भरला, दुसरा लावला.

मी गोरखकडं बघितलं. तो चावडीकडं बघत म्हणाला, "प्रेशर कमीजास्त व्हतंय बहुतेक."

"हो, प्रेशरच," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्यानं ढोपरभर खणलं. वरची वीतभर माती ओली होती, खालची कोरडी ठणठणीत. पाइपला बोट लावलं तर बोटाला धूळ लागली. म्हणजे पाणी खालून वर आलेलं नव्हतं. वरून टाकलेलं होतं.

मी ओली माती हातात घेतली. तिच्यात राख होती आणि चिंचेचे दोन-तीन दोरे. पाणी भरायच्या आधी हंडा चिंच-राखेनं घासून, विसळून ते पाणी दारात फेकायचं, ही गोजरवहिनींची पद्धत. बाकी आळी केव्हाच साबणाच्या वडीवर आली होती. मी हात धोतराला पुसला. कुणीतरी शेजारपाजारचं भांडी घासत असेल, असं मनाशी म्हटलं. बंद घराच्या दारात येऊन कोण घासणार, ते मात्र मला सुचेना.

४

सहावं घर बंद झाल्यापासून मला निरोप पाचव्या घरातून, कल्याणीकडून यायचा. ती त्याच आठवड्यात माहेराहून परत आली. तिनं मला चहा आणून दिला.

"पोरी, नळ कोरडा असला तरी तू आवाज द्यायचं सोडलं नाहीस, बरं वाटलं," मी म्हणालो.

"मी कुठं आवाज दिला, नाना? मंगळवारपासनं मी लोणीला व्हते, आईकडं. आज आठ दिवस झालं. आमचे हे तर रातपाळी करून नऊपर्यंत झोपलेले असत्यात."

मी चहा प्यालो. आठ दिवस, रोज सहाला, मला निरोप आलेला होता. चौथ्या घरातून थेट येत असेल, असं मी ठरवलं. मग आठवलं की चौथ्या घरातली सून नाकात बोलते. मला ऐकू येत होता तो आवाज नाकातला नव्हता. घोगरा होता, थकलेला, आणि शेवटचा "लंऽऽ" जरा जास्तच लांबवलेला. आणि तो अगदी जवळून येत होता.

आणि मी रोज त्याला "आलंऽऽ" म्हणून उत्तर देत होतो.

५

बिघाड दोन टोकांच्या मध्ये कुठंतरी असतो, आणि तो शोधायचा तर दोन्ही टोकं तपासायची, हे मला खात्यानं शिकवलं. एक टोक माझ्या शेजारी होतं. दुसरं भोसरीला. सयाजी पहिल्या पाळीला सव्वासहाला निघतो, म्हणून मी त्याला सहाला पाच मिनिटं कमी असताना फोन लावला. मला त्याची संमती हवी होती. बंद घराचा नळजोड मुळापासून बंद केला की पाणी पुढं माझ्याकडं येईल, असं गोरखचं म्हणणं होतं.

"करा बंद, काका," सयाजी म्हणाला. "मी काय परत येतोय आता."

"वहिनी कशा आहेत?"

"पडूनच असती. चार महिनं झालं, शब्द बोलली न्हाई. मला वळखत पण न्हाई. फक्त सकाळच्याला…" तो थांबला. "ऐका. आत्ता उठून बसली बघा."

फोनमध्ये खाट करकरली. मग लांबून, पण स्वच्छ, गोजरवहिनींचा आवाज आला. घोगरा, थकलेला.

"पाणी आलंऽऽ."

टेलिफोनच्या तारेत कधीकधी आवाज उलटा फिरून परत येतो. त्याला आम्ही एको म्हणायचो. म्हणून पहिल्यांदा मला एकोच वाटला. पण तारेतला एको फोन धरलेल्या कानात येतो. हा माझ्या दुसऱ्या कानात आला होता. उघड्या खिडकीतून, सहाव्या घराच्या बाजूनं, त्याच क्षणाला.

"काका? हाय का लाइन?" सयाजी विचारत होता.

खिडकीबाहेर शांतता होती. उत्तराची वाट बघणारी शांतता असते ना, तशी. माझ्या तोंडून आपसूक "आलं" निघालं.

तिकडं सयाजी म्हणाला, "तुमी आलं म्हणलं आन् ती हसली, काका. दोन वर्सांत पहिल्यांदा हसली."

६

पंचनामा दिवाळीच्या आठ दिवस आधी झाला. ग्रामसेवकांनी कागद तयारच आणला होता. "सदर घर गेली दोन वर्षे बंद असून तेथे कोणीही राहत नाही. सदर नळजोड कायमचा बंद करण्यास आमची हरकत नाही." खाली दोन शेजाऱ्यांच्या सह्या हव्या होत्या. शेजारी म्हणजे मी आणि कल्याणी.

"आत डोकावून घ्या एकदा," ग्रामसेवक मला म्हणाले. "उद्या कुणी काही बोलायला नको."

खिडकीची एक फळी निसटलेली होती. मी डोळा लावला. दोन वर्षांपूर्वी हे घर बंद केलं तेव्हा मी मदतीला होतो. सगळी भांडी मीच माझ्या हातानं पालथी घातली होती, पाल-झुरळ शिरू नये म्हणून. ती तशीच होती. मांडणीवर कळशा पालथ्या, तपेली पालथी, सगळ्यांवर बोटभर धूळ.

नळाखाली एक हंडा उभा होता, आणि त्याचं तांबं लखलखत होतं.

मी मागं सरकलो.

"काय?" ग्रामसेवकांनी विचारलं.

एका बाजूला तो हंडा. दुसऱ्या बाजूला सुजलेला गुडघा, कोरडा नळ आणि माझ्या दाराला लागायचं कुलूप.

"काही नाही," मी म्हणालो. "कुणी राहत नाही."

मी सही केली. कल्याणी पेन हातात घेऊन घुटमळली. "नाना, तुमी केलीय ना? मग मी करते," म्हणाली आणि तिनं केली. गोरखनं मेन लाइनपाशी नळ कापला, बूच मारलं आणि माती लोटली.

दुसऱ्या दिवशी माझा नळ असा सुटला की बादली उलटली. निरोप कल्याणीनं दिला, लांबून. मी "आलंऽऽ" म्हणालो. मग दोन्ही हंडे, कळशी, बादल्या, होतं नव्हतं ते सगळं भरलं आणि भरलेल्या भांड्यांच्या मध्ये बसून राहिलो. मला आनंद व्हायला हवा होता. सहाव्या घरासमोरची माती दुपारपर्यंत पांढरी पडली.

७

सयाजीचा फोन दिवाळीतच आला.

"आई पाणी पीना झालीय, काका. चमच्यानं घातलं तरी घशाखाली उतरत न्हाई. डॉक्टर म्हणतो घशाला काही झालेलं न्हाई. सकाळी उठून बसती, तोंड उघडती, पण आवाजच फुटत न्हाई."

"कधीपासून?"

मला माहीत होतं. तरी विचारलं. त्यानं पंचनाम्याच्या दुसऱ्या दिवसाचा वार सांगितला.

मी गोरखकडं गेलो. बूच काढ म्हटलं. तो म्हणाला, "तुमीच सही केली ना तुळशीभाऊ? आता नळ परत जोडायचा तर मालकाचा अर्ज लागंल. घरात ऱ्हायला आलोय म्हणून." मालकाला काय सांगून अर्ज करायला लावायचा, हे मला कळेना. दोन दिवस मी तेच घोकत राहिलो. तिसऱ्या दिवशी गोजरवहिनी गेल्या.

मी भोसरीला गेलो. सयाजीनं मला मिठी मारली, रडला, काका तुम्ही सख्ख्यासारखे धावून आलात म्हणाला. मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

तिथून बुद्धभूषण मला चिंचवडला घेऊन गेला. चार दिवस राहिलो. चौथा मजला, नळाला चोवीस तास पाणी, कुणी कुणाला काही ओरडायचं कारणच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई साक्षीनं चहा देताना हसत विचारलं, "बाबा, झोपेत कुणाला 'आलं, आलं' म्हणता? पहाटे सहालाच ओरडलात. आम्ही दचकून उठलो."

"सवय," मी म्हणालो.

तिसऱ्या आणि चौथ्या दिवशीही मी ओरडलो म्हणे. मला काहीच आठवत नव्हतं. फक्त तोंडात काळ्या दंतमंजनाची चव असायची. दंतमंजन मी गावीच विसरलो होतो.

बुद्धभूषणनं पुन्हा विषय काढला. या वेळी मी हो म्हणालो. त्या घराशेजारी, त्या बुजवलेल्या खड्ड्याशेजारी आता एकट्यानं बसवेल असं वाटेना. दोन रिकाम्या पिशव्या घेऊन मी गावी निघालो. कपडे, कागदपत्रं, फुलाबाईचा फोटो आणि दोन तसबिरी, एवढंच आणायचं होतं. मग कुलूप.

८

एसटीतून उतरलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. लोडशेडिंगमुळं त्या दिवशी टाकी भरायला उशीर झाला होता आणि पाणी नुकतंच सुटत होतं. मी आळीत शिरलो तेव्हा निरोप माझ्या पुढं चालला होता. तिसरं घर, चौथं घर. कल्याणी दारात आली, माझ्याकडं पाठ करून, कमरेवर हात ठेवून सातव्या घराकडं ओरडली.

"नाना, पाणी आलंऽऽ."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"आलंऽऽ," माझ्या घरातून आलं.

कल्याणी पदर खोचत आत निघून गेली. तिनं मागं वळून बघितलंच नाही. बघायचं तिला कारणही नव्हतं.

सहाव्या घराची माती कोरडी होती. माझ्या पायरीखाली ओल होती. हातभर, ताजी, आणि तिच्यात काळे ठिपके. व्हॉल्व फिरवून गोरख चावडीकडून माझ्या मागोमाग आला, तिथं पहार रोवून उकिडवा बसला आणि कान लावला. मग तो उठला.

"आलात का, बरं झालं. आता ही गळती तुमच्या दारात. चार दिस झालं." त्यानं कानामागचा घाम पुसला. "मालक हजर न्हाई म्हणून पंचनाम्याचं बघत व्हतो, तर कल्याणी म्हणती, नाना घरातच हायेत, रोज आवाज देत्यात. म्हणलं, बाहेरनं कुलूप लावून आत कोण बसतंय?"

भिंतीपलीकडं जाड, खोल आवाज सुरू झाला होता. पहारीची गरज नव्हती.

"पोरगा तुमाला कायमचं नेणार, असं ऐकलं," गोरख पुढं म्हणाला. त्याच्या बगलेत पंचायतीचं रजिस्टर होतं, मध्ये पेन खोचलेलं. "तसं असंल तर पंच गोळा करायला नको. तुमीच लिहून द्या, घर बंद हाय, कोणी ऱ्हात न्हाई. आत्ता बूच मारतो, पाच मिनटाचं काम."

आतला आवाज बारीक होत वर चढत होता. रिकाम्या पिशव्या माझ्या एका हातात होत्या, किल्ली दुसऱ्या. मला भोसरीची खाट दिसली, आणि बंद ओठांवरून गळ्यात उतरणारा चमच्यातला पाण्याचा ओघळ. गोजरवहिनींना निदान ठाऊक नव्हतं की सही कुणी केली.

"गोरख," मी म्हणालो, "ही गळती नाही."

"मग काय हाय?"

"मी पाणी भरतोय. मी राहतो इथं. लिही तसं, मी सही करतो."

गोरखनं माझ्याकडं बघितलं. माझ्या हातातल्या पिशव्यांकडं बघितलं. मग दाराच्या कुलपाकडं बघितलं. शेवटी रजिस्टर न उघडताच पहार खांद्यावर टाकून तो चावडीकडं निघून गेला.

मी पिशव्या खाली ठेवल्या आणि पायरीवर बसलो. आतला हंडा अजून भरायचा होता.